सहा डबे आणि दोन रिंगा

प्रिय नाना,

हे सगळं मी हवेवर सांगू शकले असते. आपला रिपीटर चालू झालाय, माझं हॅम रेडिओचं लायसन्स आलंय, बोलायला काहीच अडचण नाही. पण माई ऐकते! तुमचा जुना हँडसेट मी तिला स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी लावून दिलाय, फक्त ऐकायला. आज सकाळपासून तो चालूच आहे. भाजी निवडतानासुद्धा. आणि कालच तिनं मला देवघरासमोर उभं करून शपथ घातली, की एक गोष्ट तुम्हाला अजिबात बोलायची नाही.

तुम्हाला! नाना, तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. मी कुठं बोलणार होते? पण शपथ म्हणजे शपथ. फक्त ती "बोलायचं न्हाई" म्हणाली. लिहायचं नाही असं काही म्हणाली नाही. म्हणून लिहितेय, आणि मराठीत लिहितेय. इंग्लिशमध्ये अर्ध्या वेळात झालं असतं, पण मग तुम्ही म्हणाला असतात, "मॅडम, हे कुणी वाचायचं? मी का कलेक्टर हाय?"

ते सहा डबे आपण कसे आणले, आठवतंय? माईनं बीडच्या बाजाराची यादी दिली होती. पहिलीच वस्तू: महालक्ष्म्यांसाठी नवी पत्र्याची कोठी. मुखवटा जिच्यावर बसवतात आणि जिला साडी नेसवतात, ती. जुन्या कोठ्यांचे तळ गंजले होते. तुम्ही यादी खिशात घातलीत, मला हॉस्टेलवरून उचललंत आणि सरळ जब्बारचाचांच्या भंगारात घेऊन गेलात!

तिथं एका साखर कारखान्याचं जुनं वायरलेसचं सामान पडलं होतं. मोबाईल आल्यावर त्यांना ते नको झालेलं. आणि त्याच्या मागं ते सहा उंच, गोल डबे. तुम्ही मला आधीच बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. पण माझ्याच्यानं राहवेना. मी ओरडले, "ओ माय गॉड, नाना, डुप्लेक्सर!"

जब्बारचाचांनी लगेच चष्मा वर केला. "ये बच्ची क्या बोली?"

"कुछ नै. इंग्लिस स्कूल की है. डब्बे कू बी इंग्लिस में बुलाती."

"तुमकू कायकू होना?"

"घर में तूप रखने कू."

"इत्ते लंबे डब्बे में तूप?"

"खानेवाले बी लंबे हैं, चाचा."

चाचांच्या लाऊडस्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर तिथंच उकिडवं बसून दुरुस्त करून दिलात आणि त्या बदल्यात कारखान्याचा एक सेट आणि डबे उचललेत. डब्यांच्या आत चांदीचं पाणी चढवलेलं असतं, हे तुम्ही मला एसटी बीडबाहेर पडल्यावर सांगितलंत, तेही कानात. घरी माईनं डबे बघितले, आपल्या पिशव्या बघितल्या आणि विचारलं, "कोठी कुठं हाय?"

"पुढच्या खेपेला," तुम्ही म्हणालात. किती वर्षं चालली होती नाना ती पुढची खेप?

माझ्या कॉलेजात मुली विचारायच्या, तुझे नाना कोण? मी सांगायचे, माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, वडवणीत आजीबरोबर, म्हणजे माईबरोबर, राहतात, रेडिओ दुरुस्त करतात आणि डोंगरावर रिपीटर लावणार आहेत. मग रिपीटर म्हणजे काय हे सांगायला लागायचं. मी तुमचंच वाक्य ठोकून द्यायचे. "हँडसेटचा आवाज डोंगराला अडतो. म्हणून डोंगरावर एक सेट ठिवायचा. त्यानं खालून ऐकायचं आन त्याच क्षणाला मोठ्यानं पलीकडं सांगायचं. आपल्या गल्लीतल्या बायकांसारखं."

आणि डबे? "एकाच अँटेनानं ऐकायचं बी आन बोलायचं बी, एकाच टायमाला. मंजे घास खाता खाता भाषण करायचं. ठसका लागू नये म्हणून हे डबे." तीन डबे बोलायच्या बाजूला, तीन ऐकायच्या. प्रत्येकाच्या डोक्यावर एक काडी, आट्यांची. काडी खाली-वर केली की डबा सुरात येतो. माझ्या इंजिनिअरिंगच्या सरांनी हे शिकवायला दोन लेक्चर घेतली आणि तरी मला तुमचा ठसकाच लक्षात राहिला.

मी तेव्हा तुमच्या मागं लागले होते की नवाच रिपीटर मागवू, ऑनलाईन मिळतो, डब्यासकट, सेट करून. तुम्ही कारखान्याच्या सेटचं झाकण उघडत म्हणालात, "तयारच आणायचा तर आपण काय करायचं? हार घालायचा त्याला?"

तो सेट बिचारा कारखान्यात "ट्रॅक्टर निघाला, ओव्हर" एवढंच बोलायला शिकलेला. त्याला सलग बोलायला लावलं तर तापायचा. तुम्ही त्याच्या पाठीवर बंद कॉम्प्युटरचे दोन पंखे बसवलेत. त्याची फ्रिक्वेन्सी आपल्या हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, पट्ट्यात खाली ओढलीत. आणि मग महिनाभर, दर रविवारी, डबे सुरात लावणं. तुम्ही काडी फिरवायचात, मीटरचा काटा बघून आकडा सांगायचात आणि मी वहीत लिहायचे.

तिथं आपलं बिनसायचं. तुम्ही "एकोणसाठ" म्हणायचात आणि मी सिक्स्टी नाईन लिहायचे. एका रविवारी अख्खं पान चुकलं. तुम्ही वही बघितलीत, चष्मा काढलात, डोळे पुसलेत आणि माईला हाक मारलीत, "अगं, हिच्या बापानं एवढी फी भरली, आन हिला साठाच्या अलीकडचं दुकान ठाऊक न्हाई!"

पण लागले डबे सुरात. सहाच्या सहा काड्या वेगवेगळ्या उंचीवर, एक बोटभर वर, एक अगदी आत. तुम्ही म्हणालात, ह्यांना आता वाराबी लागू द्यायचा न्हाई. पोत्यात गुंडाळून मागच्या खोलीत ठेवले. नंतर महालक्ष्म्या आल्या. मी सोळा भाज्या खाल्ल्या, पुरणपोळ्या मोजल्या नाहीत. तुम्ही खणखणीत आवाजात आरती म्हटलीत, माईपेक्षा दोन ओळी पुढं, नेहमीसारखी.

लक्ष्म्या उठल्या आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर जायचं म्हणून तुम्ही पोतं उघडलंत.

काटा हलेना. कुठलाच डबा सुरात नव्हता. आणि शेजारी माझा पाना पडलेला.

"हात लावलास?"

"नाही नाना."

"तूच म्हणत व्हतीस, लॅपटॉप लावून आणखी बारीक करू."

"म्हणाले होते. पण केलं नाही! आय स्वेअर!"

"मग कुणी केलं? लक्ष्मी येऊन फिरवून गेली का?"

स्वयंपाकघरात माईच्या हातातून उलथनं पडलं. मला वाटलं, तुमच्या आवाजानं दचकली.

तुम्ही मला त्याआधी कधी रागावला नव्हतात. मी बॅग भरली आणि बीडला निघून आले. त्यानंतर तुमच्या दोन रिंगा आल्या. तुम्ही फोन कधी उचलू द्यायचात का? दोन रिंगा द्यायच्या आणि कट. म्हणजे मी फोन करायचा. त्या आठवड्यात तीनदा दोन रिंगा आल्या आणि तीनही वेळा मी फोन उशीखाली घातला. म्हटलं, सॉरी म्हणायचं तर पूर्ण रिंग द्या ना! बघू कोण आधी वाकतंय.

मग एक दिवस पूर्ण रिंग आली. पप्पांची. दुपारचा चहा घेऊन तुम्ही खुर्चीत बसला होतात आणि कप तसाच हातात राहिला, म्हणाले.

नाना, मी रिंग का नाही दिली?

तेराव्याला शिरूर कासारहून गुरुजी आले, भटजी नव्हे, शाळेचे. तुमचे एवढे जुने मित्र, ज्यांच्याशी हवेवर बोलता यावं म्हणून हा सगळा खटाटोप, त्यांना मी पहिल्यांदा समोर बघितलं. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात काठी. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्यासाठी नानांचा निरोप आहे. लिहून ठेवलाय मी."

"सांगा ना!"

"असा नाही. त्यांची अट आहे. रिपीटर सुरू झाला की पहिला निरोप हाच द्यायचा. ते स्वतःच देणार होते. मला म्हणाले, मला नाही जमलं तर तू दे, पण रिपीटरवरूनच."

"गुरुजी, प्लीज! फोनवर सांगा."

"मी शब्द दिलाय," म्हणाले आणि बुंदीचा लाडू घेतला.

मी किती प्रयत्न केले! दिवाळीला फराळ पाठवला. गुरुजींनी फराळ खाल्ला, निरोप दिला नाही. संक्रांतीला फोन केला, तर मलाच तीन प्रश्न विचारले, मोर्स पाठ झाला का, परीक्षेचा फॉर्म भरला का, डबे लागले का. तुम्ही दोघांनी मिळून मला हातोहात कामाला लावलंत. मी परीक्षा दिली. लायसन्सची वाट बघितली. रिपीटरचे कागद गुरुजींच्या नावावर केले. फक्त डबे काही लागेनात, काडी फिरवायला आणि काटा बघायला मी एकटीच. आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. सहाच्या सहा काड्या त्या दिवशी अगदी एका उंचीवर होत्या. नट गच्च आवळलेले. इतका नीटनेटका बिघाड कधी असतो का?

पहिल्या वर्षी तुमचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, म्हणून महालक्ष्म्या बसल्या नाहीत. यंदा बसायच्या होत्या. मी मागच्या खोलीत डब्यांसमोर मांडी घालून बसलेले, माई दारात आली.

"झालं का तुझं? मला ते डबे लागत्यात. तीन दिस."

"कशाला?"

"लक्ष्म्यांना. मागल्या खेपेला बी त्याच्यावरच बसवल्या व्हत्या की. कोठ्यांचे तळ गेलते. हे कसे बराबर उंचीचे, तीन मोठीला, तीन धाकटीला. सुतळीनं बांधले, साडी नेसवली, कुणाला कळलं बी न्हाई." मग जरा तक्रारीच्या सुरात, "त्या काड्या तेवढ्या वाकड्या-तिकड्या व्हत्या. एक उंच, एक बुटकी. मुखवटा कलायचा. म्हणून मंग साऱ्या एका लेव्हलात केल्या आन नटं आवळली. तुझ्याच पान्यानं."

नाना! म्हणजे तीन दिवस तुम्ही तुमच्याच डुप्लेक्सरची आरती केलीत! कापूर लावून! ज्येष्ठा बोलायच्या बाजूवर उभी होती आणि कनिष्ठा ऐकायच्या!

"माई, नाना मला ओरडले तेव्हा तू का नाही बोललीस?"

माई खाली बसली. पदराशी खेळत राहिली. "मी सांगणारच व्हते. पर ते लई तापलेले. म्हटलं, थंड झाले की सांगू. तू बी निघून गेलीस. मंग..."

मग तुम्ही थंड व्हायच्या आधीच गेलात. 

मला खूप राग यायला हवा होता. पण माई माझ्यासमोर एवढीशी होऊन बसली होती आणि माझ्या मनात आलं, मी तरी कुठं दोन रिंगांना उत्तर दिलं? मी म्हटलं, "घेऊन जा डबे. तसेही बिघडलेलेच आहेत." यंदा त्या दोघी त्यांच्यावरच बसल्या. आरती मी म्हटली. मला शब्द येत नाहीत, तुम्हाला माहितीय. पण टाळ्या अगदी मनापासून वाजवल्या.

लक्ष्म्या उठल्यावर मी माईला म्हटलं, आता काड्या तूच सुरात आणायच्या. माझ्या छोट्या अ‍ॅनालायझरवर मी ढोबळ जुळवलं, पण शेवटचं बारीक काम तुमच्या मीटरवर. मी पाना धरला आणि माईला काट्यासमोर बसवलं.

"किती?"

"एकोणसाठ."

"माई, फिफ्टी नाईन का सिक्स्टी नाईन?"

"मला काय ठाऊक तुझं फिफ्टी! साठाच्या एक घर मागं हाय काटा. आता हलला. अगं फिरवू नको, चाललाय चाललाय... थांब! थांब म्हटलं ना! गेला माघारी. किती घाई तुमा पोरींना!"

दोन दिवस लागले. माईला काटा आपल्या दोघांपेक्षा चांगला वाचता येतो, सांगून ठेवते. सहावा डबा लागला तेव्हा तिनं माझी लाल नेलपॉलिश मागून घेतली आणि प्रत्येक काडीवर जिथं नट बसतो तिथं बारीक रेघ ओढली. "आता कुणी बी हलवू दे. रेघंवर आणायचं, झालं." इतकी साधी गोष्ट तुम्हाला आणि मला दोघांना सुचली नव्हती.

काल डोंगरावर नेलं सगळं. तुम्हीच ठरवलेली जागा, पोल्ट्रीच्या मागची खोली. वास आहे, पण पिल्लांसाठी इन्व्हर्टर आहे, लाईट जात नाही. अँटेना चढवली, पंखे लावले, बटण दाबलं. मी बाहेर कोंबड्यांमध्ये उभी राहून हँडसेटवर हाक दिली.

आणि नाना, शिरूर कासारहून गुरुजी आले! खणखणीत! जणू मागच्या शेडमध्येच बसलेत. कॉल साईन, म्हणजे हवेवरची नावं, वगैरे सगळं रीतसर झालं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "तुमच्याकडे कोंबड्या आहेत का? ओव्हर."

"दोन हजार आहेत गुरुजी! निरोप! ओव्हर!"

कागद उलगडल्याचा आवाज आला. गुरुजींनी तो शाळेतला धडा वाचावा तसा वाचला, पण शब्द सगळे तुमचे होते.

"'मॅडम, डबे तू बिघडवले न्हाईस. मी नट खोलला तर आट्यात अक्षता घावल्या. कुंकवाच्या. मंजे खरंच लक्ष्मी येऊन फिरवून गेलती. तुला उगाच बोललो. तीनदा रिंगा दिल्या, तू रागात हायस, बराबर हाय तुझं. आता माईला काय बोलू नको. तिला कळलं की मला कळलंय, तर पुढल्या साली ती देवी कशावर बसवंल? कोठी आणायला गेलतो मी, आन आणले डबे. चूक माझी हाय. डबे दर साली पुन्यांदा लावू, त्यात काय. तू ये.' निरोप समाप्त. ओव्हर."

गुरुजींनी बटण सोडलं. रिपीटर लगेच बंद होत नाही ना, दोन-तीन सेकंद नुसती हवा धरून ठेवतो, कुणाला आणखी काही बोलायचं असेल तर. मी ते सेकंद ऐकत राहिले.  गुरुजींनी दोनदा विचारलं, ऐकलंत का म्हणून. कोंबड्यांनीच उत्तर दिलं.

तुम्हाला माहीत होतं! आणि तुम्ही ताटावर गप्प बसून पोळी खात होतात! मला कॉलेजात टेन्शन, माईला घरात टेन्शन, आणि तुम्ही अक्षता खिशात घालून बसलेले! एक पूर्ण रिंग दिली असतीत तर काय बिघडलं असतं, नाना? बरं, मी एक दिली असती तर?

मग माझ्या लक्षात आलं, हँडसेट मिक्सरशेजारी चालू होता.

घरी आले तर माई ओट्यापाशी उभी, हँडसेट बंद. मी विचारलं, "बॅटरी गेली का गं?"

"न्हाई. मीच बंद केला." माई भाकरी थापत राहिली. "मंजे त्यांना ठाऊक व्हतं."

"हो."

"तरीच. त्या आठवड्यात जेवताना माझ्याकडं बघून हसायचे. मला वाटायचं, हसत्यात कावून हे, कालवण बिघडलं का काय. मी रोज मीठ कमी करीत गेले." आणि ती हसायला लागली. हसता हसता पिठाच्या हातानंच डोळे पुसले, तर सगळं तोंड पांढरं. मग एकदम गंभीर झाली आणि मला ओढत देवघरापुढं नेलं.

"शपथ घे. त्यांना बोलायचं न्हाई."

"काय बोलायचं नाही?"

"मला कळलं म्हणून. त्यांना वाटतंय मला ठाऊक न्हाई. वाटू दे. एवढी वर्षं सगळं त्यांनाच आधी कळायचं. एवढं एक माझ्याजवळ राहू दे."

मी शपथ घेतली. आणि आज तुम्हाला लिहून कळवतेय. म्हणजे आता तुम्हाला माहीत आहे, की माईला माहीत आहे, की तुम्हाला माहीत होतं. तेव्हा माझ्यावर एक उपकार करा. ती तिकडं येईल तेव्हा, अजून पुष्कळ वर्षं आहेत, गुडघे सोडले तर ती ठणठणीत आहे, तुम्ही काहीही माहीत नसल्यासारखं तोंड करा. अक्षतांचं नाव काढायचं नाही. हसायचं तर अजिबात नाही.

माझ्याकडून दोन शब्द देते. पहिला, दरवर्षी लक्ष्म्यांचे तीन दिवस आपला रिपीटर बंद राहील. नवी कोठी मी आणणारच होते, पण माई म्हणाली, देवीला आता तीच जागा सवयीची झालीय. मी गुरुजींना सांगितलं, तर म्हणाले, बंदची सूचना आधी हवेवर द्या, कारणासकट. तर कारणासकट देईन. नंतर सहाही काड्या लाल रेघेवर.

दुसरा शब्द माझा मीच घेतलाय. कुणाच्याही दोन रिंगा आल्या, मी कितीही रागात असले, तरी त्याच मिनिटाला उलटा फोन करीन. ताटावरून उठून करीन.

हवेवर निरोप घेताना सगळे हॅम शुभेच्छांचा आकडा देतात, सेव्हन्टी थ्री; तुम्ही तो इंग्लिशमध्ये कधीच म्हणाला नाहीत, मराठीतच म्हणायचात, आणि मी दरवेळी बोटं मोजत बसायचे. आता मोजावं लागत नाही.

त्र्याहत्तर, नाना.

तुमची,
मॅडम
म्हणजे ऋतुजा